आप्पा, आधी बरण्या बघितल्यात म्हणून

आदरणीय आप्पा,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या घरी न पाठवता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. अमळनेर-पारोळा भागात मसाले, लोणची, बिबडे (ज्वारीचे पापड) करणाऱ्या बऱ्याच जणी सध्या लेबलिंग मशीनच्या, म्हणजे बरण्या-डब्यांवर लेबल चिकटवणाऱ्या मशीनच्या, चौकशीत आहेत, आणि माझं मशीन घेताना तुम्ही मला जे सांगितलंत ते एकाही कोटेशनमध्ये लिहिलेलं नव्हतं.

विक्रेत्यांचा पहिला प्रश्न असायचा, मिनिटाला किती नग? तुम्ही म्हणालात, "पहिले बरण्या दखाड, मंग मशीननं बोलूत." मग माझा सगळा माल टेबलावर मांडून तुम्ही एकेक रिकामी बरणी तळहाताने ढकलत गेलात. लोणच्याची काचेची गोल बरणी सरळ गडगडत गेली. ठेच्याची, खाली निमुळती होणारी, गिरकी घेऊन बाजूला वळली. "हिच्यावर सरळ पट्टीचं लेबल असंच तिरकं चढणार," म्हणालात. एक कड वर जाते, दुसरीकडे सुरकुत्या पडतात, आणि मशीनला दोष लागतो. त्यावर इलाज म्हणजे लेबल कमानीसारखं कापून घ्यायचं, त्याची वेगळी डाय (कापायचा साचा) करायची आणि मशीनचे रोलर तिरपे लावायचे. नाहीतर बरणी बदलायची. मी बरणीच बदलली. हा सल्ला मशीन विकणारा कशाला देईल?

गोल बरणी रोलरवर फिरते आणि लेबल तिच्याभोवती गुंडाळलं जातं. बिबड्यांचा चौकोनी डबा फिरतच नाही, त्याला वरून लेबल लावणारं वेगळं यंत्र लागतं. "सगळ्या आकारांना चालेल" असं जे मशीन मला दाखवलं जात होतं, त्यात प्रत्येक आकारासाठी वेगळे सुटे भाग होते. ते काढ-घाल करण्यात आमचा अर्धा दिवस गेला असता. त्या मशीनला तीन फेज वीजही हवी होती, आमच्या शेडमध्ये सिंगल फेज आहे.

काळ्या मसाल्याच्या पाऊचचं तर मला सुचलंच नसतं. भरल्यावर पाऊच फुगतो, त्यावर लेबल सपाट बसत नाही. म्हणून रिकाम्या, सपाट पाऊचवर आधी लेबल आणि मग मसाला. लोणच्याचं उलट. बरणी भरायची, झाकण घट्ट करायचं, बाहेरचं तेल कोरडं पुसायचं आणि मगच लेबल. तेलाच्या बोटांच्या डागावर लेबलचा गोंद नीट टिकत नाही. पारदर्शक लेबलचा माझा हट्टही तुम्ही मोडलात. मशीनमधला साधा सेन्सर दोन लेबलांमधली फट प्रकाशाने ओळखतो, पारदर्शक लेबलात त्याला ती दिसत नाही आणि महागडा सेन्सर घ्यावा लागतो. (दिसायला ते छान असतं, हे मी अजूनही म्हणेन.)

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख, म्हणून मोठंच मशीन घ्या असं मला जो तो सांगत होता. तुमचं उत्तर होतं, "उरलेले ६५ कोन भरी?" त्यावर घरात चर्चा संपली. गोल बरणीसाठी पायाच्या पॅडलवर चालणारं सेमी-ऑटोमॅटिक घेतलं. पाऊच आणि डब्यांची लेबलं आम्ही अजून हातानेच लावतो, आणि आमच्या मालाला ते पुरतं.

छापखान्याला काय सांगायचं तेही तुम्हीच लिहून दिलंत: रोलची कोअर (मधली नळी) ३ इंची, लेबल रोलच्या बाहेरच्या बाजूला, आणि लेबलाची कुठली कड आधी बाहेर येणार. तारखेसाठी आणि बॅच नंबरसाठी कोरी जागा सोडायला लावलीत. अन्न परवान्याचा १४ अंकी नंबर, निव्वळ वजन, किंमत, पत्ता हे सगळं त्याच लेबलात बसवायचं असतं, त्यामुळे बरणीच्या सपाट भागाची उंची आधी मोजली ते बरंच झालं. खांद्याच्या गोलाईवर लेबल गेलं की कड सुटते. रोल पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका म्हणालात, तेही पाळतेय; मे महिन्यात आपल्याकडे कडेने गोंद बाहेर येतो.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, ते मला पटलेलं नाही. काकूंकडे मसाला पाठवलाय, तो परत करू नका.

एक विनंती. आमच्या गटातल्या बाया आपापल्या बरण्या, डबे घेऊन तुम्हाला भेटायचं म्हणतात. रविवारी दुपारनंतर आमच्या शेडवर याल का? येणार असाल तर आदल्या दिवशी कळवा, शेवभाजीचा रस्सा करून ठेवते.

आपली,
अमळनेरची लोणचंवाली