मेपल म्हणून अंबाडी पाठवल्याबद्दल तक्रार

लातूर,
दि. २२ डिसेंबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन रोपविक्री विभाग

विषय : ‘रेड मेपल’ची १२ रोपे – पैसे परत मिळणेबाबत

महोदय,

जूनमध्ये तुमच्याकडून ‘रेड मेपल’ या नावाची १२ रोपं मागवली. ४४९ रुपयांना एक, वर पोहोच खर्च ३५०, असे ५,७३८ रुपये आगाऊ भरले. रोपं २ जुलैला आली. ती मेपल नाहीत, अंबाडी आहे. पानं लाल आहेत, पण अंबाडीच.

आमच्या पश्चिमेच्या भिंतीपलीकडे दोन वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांचं तीन मजली होस्टेल उभं राहिलं. लातुरात अशी होस्टेलं गल्लोगल्ली आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण सकाळी अंगणात तोंड धुवायचं तर वरून चाळीस खिडक्या बघतात. भिंतीलगत झाडांचा आडोसा करावा असं ठरलं. मंडळी म्हणत होती करंज लावा नाहीतर कडू मेंदी लावा. मी तुमची जाहिरात बघितली. केशरी-तांबड्या झाडांचा रस्ता, आणि खाली ‘पानगळीचे रंग आणि बारमाही आडोसा, भारतात कुठेही’. सदतीस वर्षं सरकारी कचेरीत कागद वाचण्यात घालवलेल्या माणसाच्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. जे झाड रंग बदलून पानं गाळतं, ते बारमाही आडोसा कसा देईल? नाही आलं लक्षात, ती चूक माझी. बाकीच्या तुमच्या.

दोन-दोन फुटांचे बारा खड्डे घेतले, शेणखत भरलं, ठिबकची नळी टाकली. रोपं अशी सपाट्याने वाढली की सप्टेंबरात खांद्याला लागली. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होतो. मग नोव्हेंबर उजाडला, पानं रंग बदलतील म्हणून मी रोज बघतोय, तर झाडांना फुलं आली. जास्वंदीसारखी, गडद तांबडी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवस लहान झाले की ही अंबाडी फुलावर येते, हे आता कळलं.

ओळख पटवली ती होस्टेलमधल्याच एका मुलीनं. वरून तिचा टॉवेल उडून आमच्या अंगणात पडला, तो न्यायला ती आली होती. नीटची तयारी करते. फांदी हातात धरून म्हणाली, “आजोबा, मेपलची पानं समोरासमोर जोडीनं येतात. ही एकाआड एक आहेत. आणि मेपलला असं फूल नसतं, त्याच्या बीला दोन पंख असतात.” आमच्या मंडळींनी तेवढ्यात एक पान तोडून तोंडात टाकलं. “आंबट लागायलंय. कशाचं डोंबलाचं मेपल, अंबाडी आहे ही!” निकाल पाच मिनिटांत लागला.

१८ नोव्हेंबरला तुमच्याकडे फोटोंसह तक्रार नोंदवली. पहिलं उत्तर आलं, ‘हे ट्रॉपिकल मेपल आहे’. दुसरं आलं, ‘रंग येण्यासाठी रोज सायंकाळी बुंध्याशी बर्फाचे तुकडे ठेवा’. साहेब, हे लातूर आहे. २०१६च्या एप्रिलात या गावानं मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलं आहे. इथं झाडाच्या बुडाशी बर्फ ठेवताना कुणी पाहिलं तर मला दवाखान्यात नेतील.

तिसऱ्या उत्तरात तुम्ही ‘अस्सल रेड मेपल’ बदलून द्यायची तयारी दाखवलीत. ते नको. पुन्हा फसू नये म्हणून मी या महिन्यात थोडं वाचलं. मेपलची पानं रंगायला लहान होत जाणारे दिवस, स्वच्छ ऊन आणि गारठ्याच्या, पण न गोठणाऱ्या रात्री लागतात. हरितद्रव्य मोडलं की खालचा पिवळा रंग उघडा पडतो, आणि तांबडा रंग पान आपल्यात साठलेल्या साखरेपासून नव्यानं बनवतं. पुन्हा कळ्या फुटायला त्याआधी कित्येक आठवड्यांची सलग थंडी हवी. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असतो आणि हिवाळा म्हणजे पहाटेपुरती शाल. त्यात जमीन काळी, चुनखडीची. रेड मेपलला किंचित आंबट माती लागते. चुनखडीत त्याला मँगेनीज उचलता येत नाही, पानं पिवळी पडतात आणि झाड खंगत जातं. म्हणजे उद्या तुम्ही खरं मेपल पाठवलंत तरी मे महिन्यात मला त्याची काटकी उपटावी लागेल. तांबड्या पानांचीच हौस होती तर कोपऱ्यावरचा देशी बदाम दर हिवाळ्यात लालभडक होतो, आणि तो कुणी विकत आणलेला नाही, वटवाघळानं आणून टाकलेला आहे.

शेवटच्या उत्तरात तुम्ही लिहिलंत की, परतावा हवा तर बाराही रोपं मूळ पॅकिंगमध्ये परत पाठवा. पाच-पाच फुटांची झाडं वीतभर खोक्यात कशी घालायची ते तुम्हीच कळवा.

ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात तिचा निकाल लावायचा असतो. महिना १८ डिसेंबरला संपला. तेव्हा ५,७३८ रुपये पूर्ण परत करावेत आणि जाहिरातीतलं ‘भारतात कुठेही’ व ‘बारमाही आडोसा’ काढून टाकावं. पंधरा दिवसांत हे झालं नाही तर मी येथील जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९च्या कायद्यानं ग्राहकाला स्वतःच्या गावी तक्रार दाखल करता येते, आणि एवढ्या रकमेला शुल्कही नाही. वेळ माझ्याकडे भरपूर आहे, निवृत्त आहे.

पुरावा म्हणून एक फांदी फुलांसकट वाळवून, पुठ्ठ्यावर चिकटवून सोबत पाठवत आहे. बाकीच्या झाडांपैकी पाच उभी आहेत. सातांची पानं जोंधळ्याच्या कण्या आणि लसणाची फोडणी घालून खाल्ली गेली, तेव्हा ती परत मागू नयेत.

आपला ग्राहक
(नाव, पत्ता व मोबाईल क्रमांक ऑर्डरवर आहेत)

सोबत : पावतीची प्रत, १८ नोव्हेंबरची तक्रार, तुमची चारही उत्तरं, वाळवलेली फांदी