स्वतःवरच येऊन थांबलेली संख्या

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

मूळ अवयव शेजारीशेजारी लिहून नवी संख्या बनवण्याच्या खेळात मला एवढे काय सापडले, असे तू विचारले होतेस. हे फोनवर सांगणे कठीण, त्याला कागद लागतो, म्हणून हे पत्र.

१० घे. तिचे मूळ अवयव २ आणि ५. ते चढत्या क्रमाने जोडून लिहिले की २५ होतात. २५ म्हणजे ५ गुणिले ५, म्हणून ५५. ५ आणि ११ वरून ५११. आणि ७ गुणिले ७३ वरून ७७३, जी मूळ संख्या असल्यामुळे आपण तेथे थांबतो. ८ पासून निघालास तर २२२, २३३७, ३१९४१ असे करत तेराव्या पायरीला १९ अंकी मूळ संख्या भेटते. ४९ च्या वाटेचे टोक मात्र शंभरावर पायऱ्या चढूनही संगणकांना सापडलेले नाही.

या खेळात संख्या प्रत्येक पायरीला वाढतेच, कारण ५ आणि ११ जोडून लिहिताना ५ ला आपण १०० ने गुणतो, तर गुणाकारात केवळ ११ ने. त्यामुळे मागे फिरणे किंवा एकाच जागी घुटमळणे येथे शक्यच नाही.

गणितज्ञ जॉन कॉनवे यांच्या अशाच खेळात घातांकही लिहायचा असतो, फक्त १ हा घातांक सोडायचा. म्हणजे ६० वरून २२३५ आणि त्यावरून ३५१४९ ही मूळ संख्या. प्रत्येक संख्या अशीच कधीतरी मूळ संख्येपर्यंत पोहोचेल, असा त्यांचा कयास होता, आणि तो सिद्ध करणाऱ्याला किंवा खोडणाऱ्याला त्यांनी १,००० डॉलर देऊ केले होते. पण घातांक आला की वाढीची हमी जाते: ५३ चा वर्ग २८०९, आणि लिहिताना मात्र तो ५३२ एवढाच उरतो. नेमक्या याच फटीतून २०१७ मध्ये जेम्स डेव्हिस यांनी १३५३२३८५३९६१७९ ही संख्या बाहेर काढली. तिचे अवयव १३, ५३ चा वर्ग, ३८५३ आणि ९६१७९. ते ओळीने लिही, तीच संख्या परत येते!

मला भुरळ पडली ती यामागच्या शाळकरी बीजगणिताची. शेवटचा अवयव बाजूला ठेवला, तर उरलेल्यांचा गुणाकार १४०७००००१ येतो आणि त्यांचे लिखित रूप १३५३२३८५३. शेवटचा अवयव पाच अंकी असल्याने, गुणाकारातून १ वजा करून त्या अवयवाने गुणले असता लिखित रूपाची लाखपट यायला हवी. १४०७००००० मधली पाच शून्ये त्या लाखाशी कटतात आणि १३५३२३८५३ ला १४०७ ने भागायचे तेवढे उरते. भाग पूर्ण जातो, भागाकार ९६१७९ येतो, आणि तो मूळही निघतो.

ताळा तूही करून पाहा. १३ आणि ५३ चा वर्ग यांचा गुणाकार ३६५१७; त्याला ३८५३ ने गुणताना मी पहिल्या वेळी हातचा विसरलो आणि अर्धा तास डेव्हिस यांनाच दोष देत बसलो होतो.

तुझा,
श्रीधर