मंजू, गिटार आत्ताच विकू नकोस

डोंबिवली, रविवार रात्र

प्रिय मंजू,

परवा तुझा मेसेज आला, "गिटार विकतेय, ओळखीत कुणाला हवी असेल तर सांग", आणि मला खरंच वाईट वाटलं गं. तेव्हा काही उत्तर दिलं नाही कारण दोन ओळीत सांगण्यासारखं नव्हतं. आज पाऊस धो धो लागलाय, ऑफिस नाही, सगळे झोपलेत, तर निवांत लिहिते.

तू म्हणतेस चार महिने झाले तरी जी कॉर्डवरून (एकत्र वाजवायचे सूर) सी कॉर्डवर जाताना हात थांबतो, एफ तर वाजतच नाही आणि घरातले आता विचारायचेही बंद झालेत. मंजू, माझं अगदी हेच झालं होतं. बेचाळिसाव्या वर्षी गिटार घेतली, पाचव्या महिन्यात कव्हरात घालून कपाटावर टाकली, तीन महिने तिला हात लावला नाही. पहिल्या क्लासच्या सरांनी सांगितलं होतं की या वयात बोटं वळत नाहीत, लहान मुलांसारखी प्रगती होणार नाही, मनाची तयारी ठेवा. ते वाक्य डोक्यात इतकं रुतून बसलं की प्रत्येक चुकीच्या वेळी मला वाटायचं, बघ, ते म्हणाले होतेच.

आज मला पक्कं वाटतं की ते चूक होते. बोटांचा प्रश्नच नव्हता गं, प्रश्न कानाचा होता. आपला कान चाळीस वर्षांचा आहे. लहानपणी रेडिओ, मग कॅसेट, मग फोन, इतकं चांगलं वाजवलेलं आपण ऐकून बसलोय की काय गोड लागतं ते कानाला बरोब्बर कळतं, आणि हात मात्र चार महिन्यांचा. आठ वर्षांचा मुलगा एकच कॉर्ड अर्धा तास बडवतो आणि खुश असतो कारण त्याला ते छानच वाटत असतं. आपल्याला पहिल्या झटक्यात कळतं की बी ची तार मुकी वाजली, आणि मग रोज वीस मिनिटं आपण स्वतःलाच नापास करत बसतो. कोण टिकेल अशाने? मला हे कळलं ना, त्या दिवसापासून राग गेला. वाईट ऐकू येतंय म्हणजे कान जागा आहे, हात येईल मागून.

पण त्याआधी एक काम कर, कळकळीने सांगतेय. मोजपट्टी घे आणि बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या, त्यांतली बारावी) सगळ्यात जाड तार फ्रेटच्या पत्र्यापासून किती वर आहे ते मोज. साधारण अडीच मिलिमीटर असेल तर ठीक. माझ्या गिटारवर चारच्या वर होती! दुकानदाराने काही सांगितलं नव्हतं, तारांच्या या उंचीला ॲक्शन म्हणतात हेही मला माहीत नव्हतं, मी आपली दाबतेय दाबतेय आणि रडतेय. त्यात आपल्याकडचा पावसाळा, लाकूड दमट हवा पितं, वरची फळी फुगते आणि तारा अजून वर जातात. सहा तारांचा मिळून ताण ७० किलोच्या आसपास असतो, म्हणजे ते लाकूड बिचारं कायम ओढलं जात असतं, त्याचं थोडं इकडेतिकडे होणारच. दादरच्या एका रिपेअरवाल्या काकांनी सॅडल (तारा खालच्या बाजूला जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासून खाली घेतलं, नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) नीट केला आणि १२ च्या जाड तारा काढून १० च्या बारीक लावल्या. घरी येऊन एफ लावला आणि सहापैकी पाच तारा वाजल्या. मी पलंगावर बसून रडले. इतके महिने स्वतःला दोष देत होते आणि दोष त्या सॅडलचा होता.

आणि एफ ने छळलं की आधी तोच आकार पाचव्या फ्रेटवर लावून बघ. नटच्या जवळ तार सगळ्यात ताठ लागते म्हणून पहिल्या फ्रेटवरचा बार (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबणं) सगळ्यात अवघड, आणि शिकवणारे सुरुवातीलाच तो समोर ठेवतात, मला हे कधीच पटलं नाही. पाचवर जमला की एकेक फ्रेट खाली ये. तोवर गाण्यात खालच्या चारच तारांचा छोटा एफ घे, काही बिघडत नाही.

जी वरून सी चं सांगते, हे कुणीतरी मला पहिल्या आठवड्यात सांगायला हवं होतं. जी लावताना जाड तारेवर मधलं बोट ठेवतेस ना, ते ठेवू नकोस. तिथे अनामिका ठेव, मधलं बोट पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आणि करंगळी सगळ्यात बारीक तारेच्या तिसऱ्यावर. आता सी ला जाताना अनामिका आणि मधलं बोट, दोघं जोडीने नुसती एकेक तार खाली सरकतात, आकार तोच राहतो, फक्त तर्जनी नवीन येते. करंगळी दोन आठवडे कुरकुर करेल, करू दे. मी मोबाईलवर एक मिनिटाचा टायमर लावून मोजायचे, पहिल्या दिवशी ११ वेळा बदल झाला, तो आकडा कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहिला. महिन्याने ३४. कान म्हणत होता काहीच सुधारणा नाही, आणि कॅलेंडर म्हणत होतं तिप्पट. मी कॅलेंडरचं ऐकलं.

बाकी छोट्या गोष्टी. गिटार कव्हरात ठेवू नकोस, हॉलमध्ये भिंतीला स्टँडवर ठेव, येताजाता हात गेला पाहिजे (मी कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत वाजवते, खरंच). रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटं बरी, रात्री जे अडतं ते झोपून उठल्यावर कधीकधी आपोआप सुटलेलं असतं. आणि भांडी घासून लगेच वाजवायला बसू नकोस, कातडी मऊ झालेली असते, तारा कापतात.

आता ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. आषाढी एकादशीला आई आमच्याकडे होती. तिचा आवाज आता थकलाय, भजनी मंडळ सुटलं, पेटी भावाकडे पडून आहे. संध्याकाळी ती एक अभंग गुणगुणत होती आणि मी सहज गिटार घेतली. आईची गायची पट्टी काळी चार, पूर्वीपासून. मी कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर लावला आणि जी चा आकार वाजवला, सूर बरोब्बर बसला, तिने मान वर करून बघितलं. मग जी, सी, डी, एवढंच. कुठे बदलायचं ते कुठेही लिहिलेलं नव्हतं, तो अभंग मी लहानपणापासून ऐकतेय त्यामुळे कानालाच माहीत होतं की आता इथे वळायचं. तोच कान, मंजू, जो इतके महिने मला नापास करत होता. सी ला मला थोडा उशीर व्हायचा आणि आई तिथे शब्द जरा लांबवून माझ्यासाठी थांबायची, पेटीवाल्यासाठी थांबावं तसं. चारही कडवी म्हटली. संपल्यावर म्हणाली, "उद्या अजून एक बसवू".

आता रोज फोनवर विचारते, काल बसलीस का वाजवायला.

तर उद्या पट्टी लावून फोटो काढून पाठव, बाराव्या फ्रेटचा, बाजूने काढ म्हणजे मिलिमीटर दिसतील. ॲक्शन जास्त असेल तर पुढच्या शनिवारी गिटार घेऊन ये, आपण दोघी दादरला त्या काकांकडे जाऊ, येताना राहायलाच ये. कॅपो माझ्याकडे दोन आहेत, एक तुझ्यासाठी काढून ठेवलाय.

तुझीच,
स्मिता