नवऱ्याचं नाव विचारलं, एवढंच ना!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला मध्ययुगीन युरोपीय प्रेमकथांवरचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा चहा घेताना, आणि दुसऱ्यांदा चहा निवून गेल्यावर, रागाने. राजहंसाने ओढलेल्या होडीतून आलेल्या अनोळखी सरदाराची, म्हणजे लोहेनग्रिनची गोष्ट लेखकाने सुरेख सांगितली आहे, त्यात वाद नाही. पण शेवटी खापर फोडलंय ते नवरीवर. एल्साला विश्वास ठेवता आला नाही, नको ते विचारून बसली आणि देवमाणसाला मुकली, असा त्याचा सूर. मी मिरजेत एकतीस वर्षं वधूवर सूचक केंद्र चालवते. कोणी काय विचारावं आणि कोणी काय लपवावं, हा माझ्या पोटापाण्याचाच विषय आहे, म्हणून हे पत्र.

आधी एक दुरुस्ती. ही कथा जर्मन संगीतकार वाग्नरने रचली असं लेखात आलंय. वाग्नरचा ऑपेरा, म्हणजे तिकडचं संगीत नाटक, १८५० सालचा. २८ ऑगस्टला जर्मनीतल्या वायमारला संगीतकार लिस्टने त्याचा पहिला प्रयोग बसवला, आणि ड्रेस्डेनच्या बंडात सापडल्यामुळे परागंदा झालेला वाग्नर तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये होता. कथा त्याच्याहून साडेसहाशे वर्षांनी जुनी. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला वोल्फ्राम फॉन एशेनबाख नावाच्या जर्मन कवीने ‘पार्त्सिफाल’ हे जवळजवळ पंचवीस हजार ओळींचं काव्य रचलं. त्याच्या अगदी शेवटी, जेमतेम शंभर ओळींत, हा राजहंसवाला येतो आणि जातो. माझी सून जर्मन शिकवते. त्या ओळी तिने मला फोनवर अर्थ सांगत वाचून दाखवल्या, आणि मी माझ्या स्थळांच्या वहीत मागच्या पानावर टिपून घेतल्या.

वोल्फ्रामची गोष्ट वाग्नरपेक्षा साधी आहे आणि माझ्या धंद्याच्या जास्त जवळची. ब्राबांट नावाच्या मुलखाची राजकन्या. राज्य तिचं स्वतःचं, रूप आहे, मान आहे, आणि मागण्या घालणाऱ्यांची रांग आहे. ती सगळ्यांना नाही म्हणते. मग तिचेच सरदार कुरकुरायला लागतात. बाईने राज्य सांभाळायचं म्हणजे काय, करून टाक की लग्न. (हे वाक्य मी माझ्या केंद्रात तेराव्या शतकातून आल्यासारखं दर आठवड्याला ऐकते.) शेवटी ती सगळ्यांना बोलावते आणि सांगते, देव ज्याला पाठवील त्यालाच वरीन. तिकडे ग्राल नावाचा पवित्र दगड जिथे जपलाय त्या गडावरून स्थळ निघतं, अँटवर्पच्या काठाला होडी लागते. सगळी मंडळी बघत असताना तो अट घालतो : मी कोण, हे कधीही विचारायचं नाही. विचारलंस त्या दिवशी गेलोच समज. ती कबूल करते, लग्न होतं, गोजिरवाणी मुलं होतात. मग कधीतरी ती विचारते. राजहंस होडी घेऊन परत येतो. मागे उरतं काय, तर एक तलवार, एक शिंग आणि एक अंगठी.

आणि या बाईला कवीने नावसुद्धा दिलेलं नाही. ‘एल्सा’ नंतरचं. नाव विचारलं म्हणून जिला शिक्षा झाली, तिचंच नाव विचारायची कोणाला गरज वाटली नाही.

आता ही अट मुळात कशासाठी? लेखात याचा उल्लेख नाही, आणि माझं सगळं भांडण इथेच आहे. लोहेनग्रिन हा पार्त्सिफालचा मुलगा. पार्त्सिफाल तरुणपणी पहिल्यांदा ग्रालच्या गडावर गेला तेव्हा तिथला राजा आन्फोर्टास जखमेने तळमळत होता. याच्यासमोर रक्त ठिबकणारा भाला फिरवला, माणसं धाय मोकलून रडली, राजाला धड बसता येत नव्हतं. पण पार्त्सिफालला एका वडीलधाऱ्याने शिकवलं होतं की फार प्रश्न विचारू नयेत, ते शिष्टसंमत नाही. हा मुकाट जेवला आणि झोपला. सकाळी उठतो तर वाडा रिकामा. बाहेर पडताना दारावरच्या पोऱ्याने त्याला ओरडून सांगितलं की तू निव्वळ बदक आहेस, चोच उघडून यजमानाला विचारलं असतंस तर! एका प्रश्नाने राजा बरा होणार होता. तो न विचारल्याचं पाप या माणसाने पुढे वर्षानुवर्षं भोगलं. सगळं काव्य त्यावर उभं आहे. शेवटी परत येऊन तो विचारतो, आणि प्रश्न काय, तर ‘मामा, तुम्हाला काय होतंय?’ आन्फोर्टास त्याच्या आईचा सख्खा भाऊ. सुनेने फोनवर हे वाचलं तेव्हा मी तिला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. राजा उठून उभा राहतो, तब्येत झळझळीत.

एवढं सगळं झाल्यावर ग्रालवर नवा नियम उमटतो. या गडावरून जो कोणी परक्या मुलखात मालक म्हणून जाईल, त्याने आपलं नाव-कुळ विचारायला बंदी घालायची. आणि कारण कवी स्वतःच देतो : आन्फोर्टासला त्या एका प्रश्नाची इतकी वाट बघायला लागली, की आता या लोकांना प्रश्नच नकोसे झालेत!

म्हणजे सासऱ्याने विचारलं नाही हा सासऱ्याचा गुन्हा, आणि सुनेने विचारलं हा सुनेचा. सासऱ्याला दुसरी संधी मिळाली, राज्य मिळालं. सुनेला तलवार, शिंग आणि अंगठी. वोल्फ्रामला हे दिसत नव्हतं असं मला वाटत नाही. त्याच ओळींत तो एरेकची आठवण काढतो, आणि एरेक म्हणजे बायकोला ‘माझ्यापुढे घोडा हाक आणि तोंड उघडायचं नाही’ असं बजावणारा त्या काळचा प्रसिद्ध सरदार. त्याच्या बायकोने, एनीडने, रस्त्यात दरोडेखोर दिसल्यावर प्रत्येक वेळी तोंड उघडलं आणि त्याचा जीव वाचवला.

वाग्नरने गोष्ट जास्त नाट्यमय केली. त्याच्या एल्सावर धाकट्या भावाच्या खुनाचा आळ आहे, आणि आळ घेणारा कोण, तर ज्याला एके काळी हिचा हात देऊ केला होता तोच. राजासमोर तिच्या बाजूने लढायला कोणी उभं राहत नाही. तेवढ्यात होडी येते. लढाईच्या आधी तो विचारतो, जिंकलो तर लग्न करशील? आणि वर ती अट, एकदा नव्हे, दोनदा बजावून. मला सांगा, मरणाच्या दारात उभ्या असलेल्या मुलीने कशाला नाही म्हणायचं? याला संमती म्हणत असाल तर माझ्याकडच्या पन्नास बैठकींचं इतिवृत्त मी तुम्हाला वाचून दाखवीन. शिवाय एल्साचं सोडा, राजाने तरी विचारायचं! अख्ख्या ब्राबांटचा रक्षक म्हणून ज्याला नेमलं, त्याचं गाव कोणतं एवढंही राजा विचारत नाही. आमच्या आळीत वरची खोली भाड्याने द्यायची तरी आधारकार्डाची झेरॉक्स मागतात.

आपल्याकडे हीच गोष्ट उलटी आहे. शंतनूला गंगेने अट घातली होती की मी कोण हे विचारायचं नाही, मी काय करते त्याला हरकत घ्यायची नाही. सात मुलं तिने पाण्यात सोडली, तो गप्प. आठव्याला तो आडवा आला, गंगा निघून गेली. शंतनूला कोणी संशयी म्हणतं का? कीर्तनकार तिथे थांबून सांगतात की बरं झालं, बोलला म्हणून भीष्म वाचला. पुरुषाने विचारलं तर तो बाप असतो, आणि बाईने विचारलं की तिला विश्वास नसतो.

नावाचीही मजा आहे. माझ्या आजीने जन्मभर आजोबांचं नाव उच्चारलं नाही. आजोबा नारायण, म्हणून सत्यनारायणाच्या पूजेलासुद्धा ती ‘आपल्याकडची पूजा’ म्हणायची. रेशनच्या कचेरीत कारकुनाने नाव विचारल्यावर शेजारच्या पोराला पुढे केलं, ‘सांग रे’. पण नाव तिला ठाऊक होतं! आमच्या बायका नाव घेत नव्हत्या, आणि घ्यायच्या तेव्हा उखाण्यात घ्यायच्या, दार अडवून. न घेणं वेगळं आणि ठाऊकच नसणं वेगळं.

राजहंसाच्या या सरदारावर तेव्हाचे लोक कुळं सांगत. पहिल्या क्रूसेडमधला (धर्मयुद्धातला) गॉडफ्रे ऑफ बुय्याँ हा त्याचा नातू, अशी वदंता होती. बाराव्या शतकातला इतिहासकार विल्यम ऑफ टायर म्हणतो, पुष्कळ लोक सांगतात, पण मला ती खोटी वाटते म्हणून मी सोडून देतो. (असा मध्यस्थ मिळायला भाग्य लागतं.) जर्मनीतल्या क्लीव्हचं सरदार घराणंही हाच वंश सांगायचं, त्यांच्या गडाचं नावच हंसगड. त्या घराण्यातली ॲन इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला दिली. होल्बाइनने काढलेलं तिचं चित्र पाहून पसंती झाली, म्हणजे फोटोवरच की. १५४० च्या पहिल्या जानेवारीला हेन्री वेष बदलून रॉचेस्टरला तिला भेटायला गेला. जुन्या कथांतल्यासारखं तिने आपल्याला ओळखावं ही हौस. ती बिचारी खिडकीतून बैलावर कुत्रे सोडायचा खेळ बघत होती, तिने या आगंतुकाकडे फारसं लक्ष दिलं नाही. तिथेच राजाचं मन उडालं. ६ जानेवारीला लग्न, जुलैत काडीमोड. म्हणजे हंसाच्या वंशातल्या मुलीने ‘आपण कोण?’ असं विचारलं नाही, तरीही मोडलंच! तिला मात्र वाडे मिळाले, डोकं शाबूत राहिलं, आणि ती हेन्रीच्या मागे दहा वर्षं जगली. हेन्रीच्या सहा बायकांत हिचंच बरं झालं असं माझं मत आहे.

आता घरचं. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न १९८१ साली झालं. मुलगा डोंबिवलीचा, नोकरी मुंबईत, दिसायला राजबिंडा. वडिलांनी कंपनीत चौकशी करायचं काढलं तर मध्यस्थ म्हणाले, फार खोदून विचारू नका, स्थळ हातचं जाईल. वडील गप्प बसले. रोज सकाळी ताई डबा भरायची, मेहुणे आठ पाचच्या लोकलला निघायचे, संध्याकाळी डबा रिकामा यायचा. सात महिन्यांनी शर्ट भिजवताना तिच्या हाताला खिशातला रेल्वेचा पास लागला. प्लॅस्टिकच्या कव्हरात नीट ठेवलेला, आणि तारीख लग्नाच्याही आधी संपलेली.

तिने चार दिवस काही म्हटलं नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी मेथी निवडता निवडता विचारलं, तुम्ही रोज जाता कुठे? मेहुणे बराच वेळ बोलले नाहीत. मग समोर बसले आणि जुडीतल्या काड्या मोडून पानं खुडायला लागले. अर्धी जुडी झाल्यावर म्हणाले, कंपनीला वर्षापूर्वी टाळं लागलं. मी स्टेशनपलीकडच्या वाचनालयात बसतो. डबा तिथल्या बाकावर खातो.

राजहंस वगैरे काही आला नाही. ताई महिनाभर धुसफुसली, आईला पत्र लिहिलं आणि फाडलं. मग साड्यांना फॉल-पिको करायला लागली, आणि त्या पोचवायला मेहुणे जायचे, वाचनालयातून दोन पुस्तकं घेऊनच परतायचे. दोन वर्षांनी नोकरी लागली. मेहुणे मला एकदा म्हणाले, तिने विचारलं नसतं तर मी त्या बाकावर निवृत्त झालो असतो. वोल्फ्रामच्या भाषेत सांगायचं तर तो ‘मामा, तुम्हाला काय होतंय?’चाच प्रश्न होता, फक्त मेथी निवडताना आलेला.

केंद्र सुरू केलं तेव्हा वहीत उंची, पत्रिका, पगार, अपेक्षा या रकान्यांपुढे मी एक रकाना जास्त आखला : ‘विचारायचं राहिलं’. दोन्ही घरांना तो स्वतःच्या हाताने भरायला लावते. एका मुलीने त्यात ‘आई घरी असताना हे इतके हळू का बोलतात?’ असं लिहिलं होतं. त्या प्रश्नातून बाहेर काय आलं ते इथे सांगत नाही, पण सुपारी फुटायच्या आत आलं.

एक राहिलं. चर्चमधल्या लग्नात नवरी आत येताना जी धून वाजते, ती याच ऑपेरातली. गेल्या डिसेंबरात इथेच एका मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नात कीबोर्डवाल्या पोराने ती फार गोड वाजवली. मुळात ते गाणं नवरा-नवरीला शयनगृहापर्यंत सोडायला आलेल्या मंडळींचं. ती मंडळी बाहेर गेली की त्याच अंकात प्रश्न, खून आणि वियोग, सगळं उरकतं. मी शेजारणीला हे सांगणार होते, पण नवरी इतकी खुशीत होती की गप्प बसले. बाहेर आल्यावर मात्र तिला कोपऱ्यात घेऊन विचारलं, मुलाचं ऑफिस बघून आलीस ना? हसली आणि म्हणाली, मावशी, दोनदा.

पत्र छापलंत तर माझं नाव छापू नये ही विनंती. मेहुणे अजून तुमचाच पेपर घेतात. फोन करून विचारलंत तर सांगेन.

आपली,
एक वाचक, मिरज