तायडे, एका ‘क’ने दोन मार्क खाल्ले

तायडे,

काल फोनवर रडवेली होऊन सांगत होतीस, गणितात मध्य आणि मध्यक उलटं लिहिलं म्हणून दोन मार्क गेले. अगं नावं ठेवणाऱ्यानेच घोळ घातलाय, एका क चा फरक. मी पण दहावीत हेच केलेलं, मम्मीला सांगू नको. आत्ता ट्रॅक्टरवर बसलोय, कांद्याचा लिलाव आपल्यापर्यंत यायला तासभर आहे, तर म्हटलं टाइप करून टाकावं.

समज रांगेत पाच वक्कल आहेत, म्हणजे एकेका गाडीतला माल. क्विंटलला भाव निघाले ११००, १२००, १२००, १३०० आणि शेवटच्याला एकदम २७००. बेरीज ७५००, भागिले पाच, १५००. हा मध्य, म्हणजे आपली सरासरी. आता सांग, १५०० मिळाले कोणाला? कोणालाच नाही! भाव चढत्या क्रमाने लाव, बरोब्बर मधला १२००, तो मध्यक. सहा वक्कल असते तर मधल्या दोघांची सरासरी घ्यायची. सगळ्यात जास्त वेळा आला तो बहुलक, तोही १२००च. बाजार समितीच्या भावात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असतं ना, तो सर्वसाधारण म्हणजे ढोबळमानाने बहुलकच.

आणि गंमत ऐक, ते २७०० वालं वक्कल छोट्या हत्तीतलं, म्हणजे छोट्या टेम्पोतलं, चार क्विंटल, बाकीचे ट्रॅक्टर वीस-वीस क्विंटलचे, मग वजन धरून सरासरी काढली तर १२७१ च्या आसपास येते. पण ग्रुपवर काय फिरणार, कांदा २७००! की लगेच तुझ्या मामाचा फोन, दाजी पार्टी कधी.

ग्राफचं पण तसंच. परवा कोणीतरी स्तंभालेख टाकला, काल ११५० आज १२००, आजचा खांब डब्बल उंच. नीट बघितलं तर खालची रेघ शून्यापासून नाही, ११०० पासून सुरू. पन्नास रुपयाचा डोंगर केला पठ्ठ्याने.

आयतालेखात खांब चिकटून का असतात विचारलंस ना. गोल्टीपासून, म्हणजे बारीक कांद्यापासून, मोठ्या मालापर्यंत कांद्याची जाडी सलग वाढत जाते, २५ ते ३५ मिलिमीटर, ३५ ते ४५, मधे फट कुठून येणार? गावांची नावं असली की मग स्तंभालेख, तिथे फट ठेवायची. वृत्तालेख सोप्पा आहे, गोलाचे ३६० अंश वाटायचे, तो तुझा तू कर.

चल, पुढचा ट्रॅक्टर सरकला. भाव निघाला की मिस कॉल देतो.

पप्पा