आदरणीय काका, त्या बटर पेपरसाठी आपले आभार

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

समोर बसून कोणी आभार मानू लागले की आपण विषय बदलता, म्हणून हे पत्र लिहीत आहे. आणि ते उघडपणे लिहीत आहे, कारण रामबागेतील आपल्या ओसरीवर रविवारी सकाळी आपण चित्रकला कशी शिकवता, हे इंदूरच्या मराठी मंडळींतही फार थोड्यांना ठाऊक आहे आणि ते अधिकांना ठाऊक व्हावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मी आपल्याकडे आले तेव्हा आईच्या दीर्घ आजारपणाची वर्षे नुकतीच संपली होती. नोकरी होती, घर होते, आता तर वेळही होता. परंतु मन घालावे असे काही उरले नव्हते. विमा कार्यालयातील फायली, औषधांची वेळापत्रके आणि महिन्याचा हिशेब यांतच इतकी वर्षे गेली होती की एखादी गोष्ट केवळ सुंदर आहे म्हणून तिच्यापाशी थांबावे, ही सवयच सुटली होती. त्या अवस्थेला दुःख म्हणावे की थकवा, हे मला आजही ठरवता येत नाही.

आपल्याआधी मी इतर दारे ठोठावली नव्हती असे नाही. व्यक्तिमत्त्व विकासाच्या एका शिबिरात आम्हाला टाळ्यांच्या तालावर घोषणा द्यायला लावल्या, प्रत्येकाच्या हातात उद्दिष्टांचा तक्ता दिला आणि पुढच्या, अधिक महाग शिबिराची पावती तयार ठेवली. एका चित्रकला वर्गात पहिलाच प्रश्न आला की आधी काही येते का, आणि नाही म्हटल्यावर समोरच्यांची नजर माझ्यावरून उडून मागे उभ्या असलेल्या मुलांकडे गेली. त्याहून जुनी गोष्ट शाळेतील आहे. माझा कागद वर्गासमोर उंच धरून, चित्र कसे काढू नये, हे सर्वांना दाखवण्यात आले होते. लहान मुलाच्या हातून रेघ चुकते, त्यात नवल नाही. परंतु मोठ्या माणसाने तिचा तमाशा करावा, याचा राग मला इतक्या वर्षांनंतरही येतो, आणि तो यावा असेच मला वाटते.

आपण मला काहीच विचारले नाही. गुलमोहराची एक वाळलेली शेंग समोर ठेवलीत, चित्र काढायच्या फलकाला कागद लावून दिलात आणि आपल्या कामाला लागलात. मी जे काढले ते चांगले नव्हते. ते चांगले आहे असे आपण म्हणाला नाहीत, वाईट आहे असेही म्हणाला नाहीत. कागद क्लिपांतून सोडवलात, उलटा करून कोपऱ्यात बारीक अक्षरांत पेन्सिलीने तारीख घातलीत, मग दुखऱ्या बोटाला पट्टी बांधावी तशा सावकाशीने त्यावर बटर पेपर लावलात आणि आपल्या स्वतःच्या चित्रांच्या फाइलमध्ये, दोन जलरंगांच्या मधोमध, तो ठेवून दिलात. पेन्सिलीची भुकटी पसरू नये म्हणून असे करावे लागते, एवढेच आपण सांगितलेत.

काका, मला आपले आभार मानायचे आहेत ते मुख्यतः याच गोष्टीसाठी. माझ्या हातून झालेली वस्तू पुसली जाऊ नये, याची चिंता त्याआधी कोणी केली नव्हती. त्या दिवशी कौतुक झाले असते तर मी ते बळेच केलेले समजून विसरले असते. कौतुकाला शब्द पुरतात आणि शब्द मी पुष्कळ ऐकले होते. आपण मात्र कागदाशी वागलात, आणि ज्याच्या भुकटीलाही जपावे असा तो कागद आहे, हे मला आपल्या बोटांवरून कळले. चांगले काढता येऊ लागल्यावर मान मिळतो, अशी माझी समजूत होती. आपण तो आधी दिलात आणि शिकणे त्यानंतर सुरू झाले.

पुढे जे शिकवलेत त्याने माझे पाहणेच बदलले. शेंग काढू नका, शेंग आणि टेबलाची कड यांच्यामधली रिकामी जागा काढा, असे आपण म्हणालात तेव्हा मी गोंधळले होते. परंतु त्या रिकाम्या जागेला नाव नसल्यामुळे डोक्यात आधीच तयार असलेले शेंगेचे चित्र आड येत नाही आणि हात डोळ्यांचे ऐकू लागतो, हे तिसऱ्या-चौथ्या कागदावर माझे मलाच उमगले. डोळे किलकिले करून पाहिले की तपशील विरतात आणि उजेड-अंधाराचे मोठे आकार तेवढे उरतात, हेही तिथेच समजले. हिवाळ्यातील सकाळी आपल्या चुन्याच्या भिंतीवर पडणारी सावली करडी नसून निळसर असते, कारण ऊन अडले तरी आकाशाचा निळा उजेड तिथे पोहोचतच असतो, हे आपण दाखवलेत; त्यानंतर मला सावली नुसती काळी दिसलेली नाही.

राजवाड्यासमोर फलक घेऊन बसायला आपण सांगितलेत, त्या दिवसाविषयी थोडे लिहिते. त्या वास्तूपुढून मी जन्मभर ये-जा केली आहे. सात मजले आहेत, हे पाठ होते. परंतु खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे आहेत, हे रेघ ओढताना हात अडला तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले. खालचा भार जड, घट्ट. वरचे सज्जे आणि खिडक्या हलक्या, मोकळ्या. 1984 साली लागलेल्या आगीत याच वास्तूने किती सोसले, हे मोठ्यांच्या तोंडून ऐकले होते. त्या दिवशी ते लाकूड समोर ठेवून त्याचा अर्थ कळला. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरील, म्हणजे होळकरांच्या स्मृतिवास्तूंवरील, दगडी वादक आणि शिपाई यांची ओळखही अशीच, एकेक रेघ काढत, झाली.

आपण स्वतःविषयी बोलत नाही, पण ज्यांच्याविषयी भरभरून बोलता त्यांची नावे इथे लिहिणे मला आवश्यक वाटते. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी 1927 साली या शहरात चित्रकलेचे शिक्षण उभे केले. याच इंदुरात 1910 साली जन्मलेले नारायण श्रीधर बेंद्रे त्यांच्या हाताखाली घडले आणि पुढे बडोद्याला जाऊन त्यांनी आणखी एक पिढी घडवली. मकबूल फिदा हुसेन यांनीही आरंभीचे धडे इथेच गिरवले. आणि आपले गुरुजी, विष्णू चिंचाळकर. वाळलेली पाने, बिया, काटक्या, फुटके तुकडे यांत त्यांना पक्षी दिसत, माणसे दिसत. 2017 पासून स्वच्छतेतील पहिल्या क्रमांकासाठी देशभर नावाजल्या गेलेल्या या शहराने, टाकून दिलेल्या वस्तूतील रूप पाहणारा असा माणूस आपल्यातच राहून गेला, हेही तितक्याच अभिमानाने सांगावे, असे मला फार वाटते. तो वारसा आपल्या ओसरीवर कसलीही पाटी न लावता चालू आहे.

या सगळ्याचा परिणाम केवळ कागदावर झालेला नाही. माझ्या टेबलाशी दाव्याचे कागद घेऊन येणाऱ्यांत नुकतेच माणूस गमावलेले पुष्कळ असतात. पूर्वी मी अर्जातील रिकामे रकाने पाहत असे. आता आधी वर पाहते, समोरच्याचा चेहरा पाहते, आणि बसायला सांगून मग कागद हाती घेते. कामाला त्यामुळे फार वेळ लागत नाही. शेंगेकडे तासभर पाहू शकणाऱ्या माणसाला एका चेहऱ्याकडे अर्धा मिनिट पाहणे जड जाऊ नये, आणि ते मला जड जात नाही, हे मी आपल्याकडून घेतलेले आहे. स्वतःला घडवण्याचे जे आश्वासन त्या शिबिरात घोषणांसह विकले जात होते, ते मला इथे फुकट आणि न मागता मिळाले.

चांगुलपणा या शहरात अजून पुष्कळ आहे, हेही फलक घेऊन बाहेर बसू लागल्यापासून कळले. छत्र्यांपाशी ऊन माझ्या कागदावर आले तेव्हा एका चहावाल्याने न बोलता आपले बाकडे सावलीत सरकवून दिले. राजवाड्यासमोर एका अनोळखी गृहस्थांनी, माझी रेघ पूर्ण होईपर्यंत, आपली मोटारसायकल समोर उभी करायची थांबवली. ही माणसे नाव सांगत नाहीत आणि त्यांचे आभार मानायचे राहून जातात; आपल्या निमित्ताने त्यांचेही मानते.

शेवटी एक विनंती. येत्या रविवारी माझ्याबरोबर आमच्या कार्यालयातील एक भगिनी येत आहेत. स्वतःला चित्र काढता येत नाही, असे त्या दाराशीच सांगतील आणि परत फिरण्याची तयारी ठेवूनच येतील. त्यांच्यासाठी एक फलक मोकळा ठेवावा. कागद आणि मऊ, गडद फोर-बी पेन्सिली मी घेऊन येते.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी,
इंदूर