गंज हवा तेवढाच

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही विचारलंत, "अणुभट्टी कायमची बंद, पाइप कापून काढायचेच आहेत, मग ते गंजले काय न् झिजले काय, तुम्ही पहारा कसला देता?" तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही.

वर्षानुवर्षं गरम पाणी फिरलं की पाइपच्या आत ऑक्साइडचा पातळ, चिवट थर धरतो. त्यात किरणोत्सारी कोबाल्ट-६० अडकलेलं असतं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, ५.२७ वर्षं, आणि त्याच्या गॅमा किरणांमुळे माणसं पाइपजवळ फार वेळ थांबू शकत नाहीत. म्हणून कापण्याआधी धुवायचं. आधी परमँगनेट, ते थरातलं क्रोमियम विरघळवतं. मग ऑक्झॅलिक आम्ल घातलं की नमुन्याच्या बाटलीतला जांभळा रंग बघता बघता उडतो आणि लोह, निकेल सुटायला लागतं. अशा फेऱ्यांवर फेऱ्या.

चालू भट्टी असेल तर मूळ धातूला धक्का लागता कामा नये. बंद भट्टीत थोडा धातू जाऊ द्यावाच लागतो, कारण थराखालच्या बारीक भेगांतही कोबाल्ट उरतं. बेल्जियममध्ये मोल इथल्या बीआर-३ भट्टीचं (१९८७ साली बंद) कापलेलं पोलाद तर मुद्दाम सेरियमच्या आम्लात कुरतडलं, म्हणजे ते किरणोत्सारी कचऱ्यात न जाता साध्या भंगारासारखं मोकळं करता यावं.

पण हिशेब बघा. हजार चौरस मीटर पृष्ठभागावरून एक मायक्रोमीटर गेला की आठ किलो धातू द्रावणात येतो. तो पुढे आयन-विनिमय रेझिनमध्ये, म्हणजे विरघळलेला धातू धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांत, अडकतो, आणि ते रेझिन सांभाळत बसावं लागतं. शिवाय मध्येच साध्या कार्बन पोलादाचा तुकडा असला तर आम्ल त्यालाच आधी खातं, हायड्रोजन सुटतो, आणि पाइपला भोक पडलं तर किरणोत्सारी आम्ल जमिनीवर!

म्हणून पहारा. त्याच पोलादाचा एक इलेक्ट्रोड वाहत्या द्रावणात ठेवून जेमतेम दहा-वीस मिलिव्होल्ट इकडेतिकडे द्यायचे आणि विद्युतधारा मोजायची. लोखंडाला चौरस सेंटिमीटरमागे एक मिलिअँपिअर म्हणजे तासाला सुमारे १.३ मायक्रोमीटर झीज. आकडा लगेच मिळतो, पण परमँगनेटसारखी द्रव्यं स्वतःही इलेक्ट्रॉन घेतात, त्यामुळे त्यात पोलादाचा वाटा किती हे एकट्या आकड्यावरून कळत नाही. माझा भरवसा पट्ट्यांवर. त्याच जातीच्या पोलादाच्या पट्ट्या आत लटकवायच्या, फेरीनंतर काढून, धुऊन, वाळवून तोलायच्या. दहा चौरस सेंटिमीटर पृष्ठभागाची पट्टी आठ मिलिग्रॅम हलकी झाली की एक मायक्रोमीटर गेला. इथल्या तरुण मंडळींना हे जुनाट वाटतं, वाटू दे. मात्र वजन सरासरीच सांगतं. वेल्डजवळ धातूच्या कणांच्या सीमेवरून आम्ल आत शिरलं असेल तर तराजूला पत्ता लागत नाही. पट्टी कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरावी लागते. त्यासाठी काही पट्ट्यांना आम्ही मुद्दाम वेल्ड घालतो.

काल एक वेल्डची पट्टी निघाली, वजन ठीक, पण सांध्यालगत काळसर रेघ. तिचा छेद पाहिल्याशिवाय पुढची फेरी सुरू करायची नाही असं मी सांगितलंय. वरची मंडळी वेळापत्रकावरून कुरकुरतायत.

आईला सांगा, पट्ट्या मी बंद हूडमध्ये दुहेरी हातमोजे घालून हाताळतो आणि अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा डोसीमीटर रोज तपासला जातो.

तुमचा,
बाळू